पहिल्याच तासाला कागद का दुमडायला लावतात? इंटिरिअर डिझाइनच्या बेसिक्सचा इतिहास

(हे या भागाचं लेखी रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी भाषा बोलण्यातलीच ठेवली आहे.)

आपल्या पॉडकास्टवर आत्तापर्यंत किल्ले झाले, रेल्वे झाली, छापखाना झाला. आजचा विषय जरा घरातला आहे. अगदी स्वयंपाकघरातला म्हणा ना.

तुमच्यापैकी काहींना माहीत आहे की मी दिवसा कोड लिहितो. कॉम्प्युटरमध्ये बीटेक, पुण्यात नोकरी. गेल्या जूनपासून दर शनिवारी मी इंटिरिअर डिझाइनचा बेसिक कोर्स करतोय. वर्गात निम्मे बारावी झालेले, निम्मे माझ्यासारखे नोकरी करून आलेले. आणि सगळ्यांची अपेक्षा साधारण एकच, की पहिल्या दिवसापासून सोफा कुठे ठेवायचा, भिंतीला कोणता रंग द्यायचा, फॉल्स सीलिंग करायचं की नाही, हे कळेल.

प्रत्यक्षात काय झालं? पहिल्या तासाला प्रत्येकाच्या हातात एक कोरा कागद. "कात्री नाही, गोंद नाही. हा कागद उभा करा." दुसऱ्या शनिवारी खडबडीत आणि गुळगुळीत वस्तू गोळा करून आणा. मग रंगचक्र. मग माणसाच्या शरीराची मापं. मग स्वयंपाकघरातला त्रिकोण. महिनाभर झाला तरी सोफ्याचा पत्ता नाही. शेजारचा मुलगा म्हणाला, "दादा, हे आर्ट्सवाल्यांचं चाललंय का?"

मला मात्र इंजिनिअरिंगमुळे एक सवय आहे. अभ्यासक्रमात एखादी गोष्ट का आहे हे कळत नसेल, तर ती तिथे कोणी आणि केव्हा घातली ते शोधायचं. जुन्या कोडमध्ये एखादी विचित्र ओळ दिसली की आपण आधी ती कोणी लिहिली ते बघतो, तसंच. आणि गंमत म्हणजे या कोर्समधल्या जवळजवळ प्रत्येक धड्याला एक नाव, एक गाव आणि एक साल आहे. आज ती यादी उलगडूया.

नक्कल करत शिकायचे दिवस

आधी हे बघू की याच्यापूर्वी लोक कसे शिकायचे. दोन रस्ते होते. एक कारागिराचा. सुताराचा मुलगा बापाच्या हाताखाली रंधा धरायला शिकायचा. लाकूड कुठल्या बाजूने फाटेल हे त्याच्या हाताला कळायचं, पण त्याचा वेगळा धडा कोणी काढत नसे. दुसरा रस्ता कलाशाळेचा. मुंबईतलं आपलं सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ मध्ये सुरू झालं. तिथेही युरोपातल्या पद्धतीप्रमाणे ग्रीक-रोमन मूर्तींचे प्लॅस्टरचे साचे समोर ठेवून चित्रं काढायची. म्हणजे आधी उत्तम नमुना, मग त्याची नक्कल.

दोन्ही रस्त्यांत एक गोष्ट सारखी होती. उत्तर आधीच ठरलेलं असायचं, विद्यार्थ्याने तिथपर्यंत पोचायचं.

वायमार, १९१९

पहिलं महायुद्ध नुकतंच संपलेलं. जर्मनी हरलेली. अशात वायमार नावाच्या लहानशा शहरात वॉल्टर ग्रोपियस हा आर्किटेक्ट तिथली कलाशाळा आणि कारागिरीची शाळा एकत्र करतो आणि तिला नाव देतो बाउहाउस. चित्रकार, सुतार, विणकर, सगळ्यांनी मिळून इमारत घडवायची, ही कल्पना.

पण प्रश्न आला प्रवेशाचा. युद्धातून परतलेली मुलं, कलाशाळेत आधीच 'तयार' झालेली मुलं, काहीच न शिकलेली मुलं. यांना एका पातळीवर आणायचं कसं? हे काम आलं योहानेस इटेन या स्विस चित्रकाराकडे. आणि इथे एक तपशील फार महत्त्वाचा आहे: इटेन मुळात प्राथमिक शाळेचा मास्तर होता. बालवाडीची कल्पना मांडणाऱ्या फ्रोबेलच्या पद्धतीशी त्याची ओळख होती. मुलांच्या हातात वस्तू द्या, त्यांना खेळू द्या, नियम त्यांना स्वतःला सापडू देत, ही ती पद्धत. इटेनने तीच मोठ्या मुलांवर वापरली.

त्याने सुरू केलेल्या सहा महिन्यांच्या प्राथमिक वर्गाला जर्मनमध्ये 'फोरकुर्स' म्हणतात. तास सुरू व्हायचा श्वासाच्या व्यायामाने. इटेन स्वतः डोकं तासून, झग्यासारखे कपडे घालून फिरायचा आणि एका शाकाहारी पंथाचा कट्टर अनुयायी होता. पण तासाला तो जे करून घ्यायचा ते आजही टिकून आहे. लाकूड, काच, लोकर, तार, दगड हातात घ्या, डोळे मिटून चाचपा, मग त्यांचा विरोध दाखवा. खडबडीत-गुळगुळीत, जड-हलकं, उजेड-अंधार. रंगांचेही असे सात विरोध त्याने मांडले. आमच्या कोर्समधलं बारा रंगांचं चक्र त्याच्याच नावाने ओळखलं जातं. म्हणजे दुसऱ्या शनिवारी मी पिशवीत नारळाची शेंडी आणि स्टीलची वाटी घेऊन गेलो, त्याचा उगम हा.

वर्तमानपत्र आणि नालीदार पत्रा

१९२३ मध्ये इटेन गेला. ग्रोपियसला आता कारखान्याशी जोडणारी शाळा हवी होती, इटेनला माणसाचं अंतर्मन घडवायचं होतं. जमलं नाही. प्राथमिक वर्ग आला दोघांकडे, हंगेरीहून आलेला लास्लो मोहोली-नॉज आणि योझेफ आल्बर्स. हा आल्बर्सही मूळचा प्राथमिक शिक्षकच! बत्तिसाव्या वर्षी नोकरी सोडून बाउहाउसमध्ये विद्यार्थी म्हणून आलेला. (वर्गात मला 'काका' म्हणणाऱ्यांनी हे वय लक्षात ठेवावं.)

आता ती कागदाची गोष्ट. आल्बर्सच्या एका विद्यार्थ्याने आठवण लिहून ठेवली आहे. आल्बर्स वर्गात वर्तमानपत्रांचा गठ्ठा घेऊन आला, सगळ्यांना वाटला आणि म्हणाला, यातून काहीतरी करा, पण कागदाचा मान ठेवा, वाया काही घालवू नका. जमलं तर गोंद-कात्रीशिवाय करा. आणि निघून गेला. परत आला तेव्हा कोणी किल्ला केला होता, कोणी जहाज, कोणी विमान. त्याचं म्हणणं असं, की किल्ला दगडाचा जास्त चांगला होतो आणि विमान धातूचं. मग एक अगदी साधा नमुना त्याने उचलला. एकाने कागद फक्त उभा दुमडला होता, त्यामुळे तो आपल्या सर्वांत पातळ कडेवर उभा राहिला होता. मऊ कागद घडीमुळे ताठ झाला होता.

याचा आपल्या घराशी काय संबंध? कोकणात कुठल्याही गोठ्यावर बघा. नालीदार पत्रा. तोच पत्रा सपाट असता तर मधे झोल पडला असता. नाल्या आल्या की तो वासे लांब लांब असले तरी तग धरतो. कागदाच्या त्या एका घडीत आख्खं स्ट्रक्चर शिकून होतं, फॉर्म्युला न लिहिता. मला बीटेकला दुसऱ्या वर्गाचे विद्यार्थी 'मोमेंट ऑफ इनर्शिया' घोकताना ऐकू यायचे. तीच गोष्ट इथे दहा मिनिटांत बोटांना कळली.

आल्बर्सचा दुसरा धडा रंगाचा. नाझींच्या दबावामुळे १९३३ मध्ये बाउहाउस बंद झालं. आल्बर्स अमेरिकेत गेला, तिथे शिकवत राहिला आणि १९६३ मध्ये त्याचं रंगांवरचं पुस्तक आलं. मुद्दा एवढाच: रंग एकटा कधी दिसत नाही. तोच करडा कागद पिवळ्यावर ठेवा आणि काळ्यावर ठेवा, दोन वेगळे रंग वाटतात. ज्यांनी शेडकार्डवर सुंदर दिसलेला रंग भिंतीला लावून नंतर "हा तो नाहीच!" म्हणून पेंटरशी वाद घातलाय, त्यांना आल्बर्स लगेच पटेल.

कोणाला करघा, कोणाला हातोडा

इथे एक कडू गोष्ट सांगायलाच हवी. ग्रोपियसने सुरुवातीला जाहीर केलं होतं की स्त्री-पुरुष भेद करणार नाही. मुलींचे अर्ज धडाधड आले. मग शाळेलाच धास्ती वाटली. प्राथमिक वर्ग संपला की बहुतेक मुलींना विणकाम विभागाकडे वळवलं जायचं. गुंटा श्टोल्त्सल, आनी आल्बर्स यांनी त्या विभागाचं सोनं केलं, ही त्यांची कर्तबगारी. मारियान ब्रांट धातूच्या कार्यशाळेत शिरली आणि तिचे दिवे, किटल्या आज संग्रहालयांत आहेत. पण दार मुळात अरुंद होतं.

तरीही १९२३ मध्ये बाउहाउसने वायमारला एक नमुना घर बांधलं, 'हाउस आम होर्न', तेव्हा त्याच्या स्वयंपाकघराच्या रचनेत बेनिता ओटे ही विद्यार्थिनी होती आणि मुलांच्या खोलीचं फर्निचर आल्मा बुशरचं होतं. त्या स्वयंपाकघरात भिंतीला लागून सलग ओटा आणि वर टांगलेली कपाटं आहेत. शंभर वर्षांपूर्वीचा फोटो, पण बघताना आपल्या सोसायटीतल्या फ्लॅटची आठवण येते.

फ्रँकफर्टचं स्वयंपाकघर

आता माझा सगळ्यात आवडता भाग. युद्धानंतर फ्रँकफर्टमध्ये घरांची प्रचंड टंचाई. एर्न्स्ट माय हा आर्किटेक्ट नगरपालिकेतर्फे हजारो कामगार कुटुंबांसाठी घरं बांधतोय. घरं लहान, पैसा कमी. स्वयंपाकघराचं काम येतं मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की या व्हिएन्नाच्या तरुण आर्किटेक्टकडे. साल १९२६. ऑस्ट्रियात आर्किटेक्चर शिकलेल्या पहिल्या काही स्त्रियांपैकी ती एक.

तिने काय केलं? ख्रिस्टीन फ्रेडरिक या अमेरिकन लेखिकेचं घरकामावरचं लेखन तिने वाचलं होतं. फ्रेडरिकने कारखान्यातली वेळ मोजायची पद्धत घरात आणली होती. बाई कपाटापासून शेगडीपर्यंत, शेगडीपासून टेबलापर्यंत किती पावलं चालते, त्याच्या रेषा तिने नकाशावर काढल्या. एका नकाशात जाळं झालेलं, दुसऱ्यात सरळ साखळी. आमच्या ऑफिसात यालाच 'युजर फ्लो' म्हणतात आणि आपण काहीतरी नवं करतोय असं समजतात!

शुटे-लिहोत्स्कीने आगगाडीच्या भोजनडब्यातलं स्वयंपाकघरही अभ्यासलं. एवढ्याशा जागेत इतक्या जणांचं जेवण निघतं, म्हणजे मांडणीत काहीतरी आहे. तिचं स्वयंपाकघर १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब. आपल्या हिशोबात साधारण सत्तर चौरस फूट. खिडकीखाली कामाचा ओटा, बसून काम करता यावं म्हणून फिरतं स्टूल, साल-देठं टाकायला ओट्यातच खाच, भिंतीला दुमडून ठेवायची इस्त्रीची फळी, तांदूळ-साखरेसाठी ॲल्युमिनियमचे खेचायचे डबे. पीठाचा खण मात्र ओक लाकडाचा, कीड लागू नये म्हणून. असे सुमारे १०,००० संच बसवले गेले. आजच्या मॉड्युलर किचनची आजी म्हणजे हेच.

आणि त्यातले दोषही ऐका. खोली इतकी अरुंद, की दुसरा माणूस मदतीला आत येऊच शकत नाही. पूर्वी स्वयंपाकघरात सगळं घर बसायचं, आता बाई एकटी. काम कमी झालं, पण ते तिचंच आहे हे भिंतीतच पक्कं झालं. विशेष म्हणजे शुटे-लिहोत्स्कीने पुढे स्वतःच सांगितलं, की हे डिझाइन करेपर्यंत ती स्वयंपाकाच्या वाटेला गेलीच नव्हती. बाई म्हणून तिला स्वयंपाकघर कळतं ही लोकांची समजूत. ती तिथे आर्किटेक्ट म्हणून होती. नंतर ती नाझींविरुद्धच्या भूमिगत चळवळीत उतरली, १९४१ मध्ये पकडली गेली, महायुद्ध संपेपर्यंत तुरुंगात राहिली, आणि तब्बल २००० सालापर्यंत जगली.

तिकडे अमेरिकेत १९२९ मध्ये लिलियन गिल्ब्रेथ या इंजिनिअर बाईने ब्रुकलिनच्या गॅस कंपनीसाठी असंच एक स्वयंपाकघर मांडलं. तिचा एक आग्रह होता: ओट्याची उंची काम करणाऱ्या माणसाच्या उंचीवरून ठरवा. हे वाक्य लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचंय.

सरासरी माणूस कोण?

बाउहाउसच्या अगदी पहिल्या विद्यार्थ्यांपैकी एक होता एर्न्स्ट नॉयफर्ट. १९३६ मध्ये त्याने एक जाडजूड ग्रंथ काढला. खुर्ची किती उंच, जिना किती रुंद, दोन माणसं दारातून जाताना किती जागा, सगळ्याची मापं आणि आकृत्या. आजही भारतातल्या प्रत्येक आर्किटेक्चर कॉलेजच्या लायब्ररीत फाटक्या पुठ्ठ्याचा 'नॉयफर्ट' असतोच. ल कोर्बुझिएने १९४० च्या दशकात आपली मापपद्धत बांधली, तीत हात वर केलेला एक माणूस आहे. आधी तो १.७५ मीटरचा होता, मग १.८३ मीटरचा झाला, म्हणजे सहा फूट. कारण काय, तर इंग्रजी रहस्यकथांतले देखणे पोलीस नेहमी सहा फुटी असतात! आणि याच मापांचा वापर पुढे आपल्या चंदीगडच्या इमारतींत झाला.

मापं हवीतच. दर वेळी शून्यातून सुरुवात करता येत नाही, लायब्ररी वापरावीच लागते. पण लायब्ररीतली डिफॉल्ट व्हॅल्यू कोणीतरी, कुठेतरी, कोणाला तरी बघून भरलेली असते.

इकडे काय चाललं होतं?

आपल्याकडे बाउहाउस फार लवकर पोचलं. डिसेंबर १९२२ मध्ये कलकत्त्यात बाउहाउसच्या चित्रकारांचं प्रदर्शन झालं, कांडिन्स्की, क्ले, इटेन यांच्या कामांसह. शांतिनिकेतनात शिकवणाऱ्या स्टेला क्रामरिश यांनी त्यासाठी इटेनशी पत्रव्यवहार केला होता. मुंबईत १९३७ मध्ये टाउन हॉलमध्ये इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सने 'आयडियल होम' प्रदर्शन भरवलं. फ्लॅटमध्ये राहायचं म्हणजे कसं, हे मुंबईकर मध्यमवर्ग सजवलेल्या खोल्या बघून शिकत होता.

मग १९५८. भारत सरकारच्या बोलावण्यावरून चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन दांपत्य देशभर फिरलं आणि एक छोटा अहवाल दिला. त्यात त्यांनी सगळ्यात जास्त कौतुक केलं ते आपल्या लोट्याचं. आणि नुसतं 'वा!' म्हणून थांबले नाहीत. लोटा घडवायचा तर काय काय विचार करावा लागेल याची यादीच दिली. पाणी किती मावणार, डोक्यावर नेणार की कमरेवर, भरल्यावर तोल कुठे जातो आणि रिकामा असताना कुठे, ओतताना धार कशी पडते, हाताला कसा लागतो, किंमत किती. इंजिनिअर मित्रहो, याहून स्वच्छ रिक्वायरमेंट डॉक्युमेंट मी वाचलेलं नाही.

या अहवालाच्या पाठीवर १९६१ मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली, म्हणजे एनआयडी. तिथल्या पहिल्या वर्षाच्या फाउंडेशनमध्ये बाउहाउसचा आणि त्याचा वारसा सांगणाऱ्या जर्मनीतल्या उल्म शाळेचा ठसा आहे. १९६९ मध्ये पवईला आयआयटीत इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर निघालं. त्याच्या उभारणीत उल्मला शिकून आलेले सुधाकर नाडकर्णी होते. तिथून या पद्धती पसरत पसरत शनिवारच्या आमच्या वर्गापर्यंत आल्या. वायमार ते पुणे, शंभर वर्षं.

आमचा ओटा

आता हा इतिहास मी का शोधत बसलो ते सांगतो. आमच्या घरात दिवाळीआधी स्वयंपाकघराचं काम निघालंय, आणि कोर्समध्ये असाइनमेंट आलं: घरातल्या एका माणसाचं शरीर आणि त्याची कामाची जागा मोजा. मी आईला मोजलं. उंची चार फूट अकरा इंच. जमिनीपासून कोपर ३७ इंच. ओटा ३६ इंच. पुस्तकातला साधा नियम असा, की उभ्याने करायच्या हलक्या कामासाठी पृष्ठभाग कोपराच्या ४ ते ६ इंच खाली हवा. म्हणजे आईसाठी ३१ ते ३३. इथे फरक जेमतेम एक इंच. त्यावर पोळपाट ठेवला की आणखी अडीच. म्हणजे पोळी लाटताना पृष्ठभाग कोपराच्या वर! खांदे उचलूनच लाटावं लागणार. तिचा उजवा खांदा चार वर्षं दुखतोय.

पण खरी गंमत पुढे आहे. आई पोळ्या लाटताना पायाखाली लाकडी पाट घेते. कणीक मळायची तर परात घेऊन खाली जमिनीवर बसते, कारण मळायला जोर लागतो आणि जोर वरून येतो. विळीही तिने टाकलेली नाही. नारळ खवायला ती खाली बसूनच. मी लहानपणापासून हे बघतोय आणि याला 'आईची सवय' समजत आलो. मोजल्यावर दिसलं की ओट्याने जे दिलं नाही ते तिने पाट, परात आणि विळीने भरून काढलंय. कामाप्रमाणे उंची बदलायची. गिल्ब्रेथबाई हेच सांगत होत्या.

सध्या घरात वाद चालू आहे. ट्रॉल्या बसवणारा म्हणतो, "सगळे छत्तीसच घेतात, तयार माप आहे." बाबा म्हणतात, उद्या फ्लॅट विकायचा झाला तर? आई म्हणते, "माझं चाललंय ना, कशाला खर्च." मी काढलेल्या ड्रॉइंगमध्ये ओटा ३२ इंचांवर आहे आणि खिडकीजवळचा अडीच फुटांचा तुकडा ३० इंचांवर, फक्त पोळ्या आणि मळण्यासाठी. खाली पाय जातील अशी मोकळी जागा आणि एक स्टूल, शुटे-लिहोत्स्कीकडून उसनं घेतलेलं. आणि ओट्यासमोर दोन माणसं उभी राहतील एवढी रुंदी. तिच्या आराखड्यातली ती एक गोष्ट मला आमच्या घरात नको आहे. मी ३० इंचांच्या तुकड्यापाशी वाकून लाटेन, माझी उंची पाच-दहा आहे. चालेल.

पुठ्ठ्याच्या खोक्यांचा त्या उंचीचा ओटा करून काल आईला उभं केलं. तिने पोळपाट ठेवला, चार पोळ्या लाटल्या, आणि म्हणाली, "एक इंच अजून खाली घे." ड्रॉइंग शनिवारी द्यायचंय, त्यात आता २९ लिहिलंय. बाबांचं मत अजून यायचंय.

तर मंडळी, या आठवड्यात एक काम करा. घरात जो सगळ्यात जास्त वेळ ओट्याशी उभा असतो, त्याचं कोपर आणि तुमचा ओटा टेपने मोजा आणि आकडे मला कळवा. पुढच्या भागात आपण खुर्चीकडे वळणार आहोत: सायकलच्या हँडलवरून मार्सेल ब्रॉयरला १९२५ मध्ये पोलादी नळीची खुर्ची कशी सुचली, आणि जमिनीवर मांडी घालून बसणाऱ्या आपल्यासारख्यांच्या घरात खुर्ची शिरली तेव्हा काय काय बदललं. तोपर्यंत, नमस्कार!